पहिल्या पानावर कोण? शोधयंत्रांच्या क्रमवारीचा इतिहास

१/
२०१० सालचा डिसेंबर. अमेरिकेत नाताळची खरेदी ऐन भरात होती. गूगलवर कोणी कपडे शोधो, पलंगपोस शोधो वा सतरंज्या; पहिल्या क्रमांकावर वारंवार एकच नाव येत होते, जे. सी. पेनी. ही जुनी आणि मोठी दुकानसाखळी होती हे खरे; पण इतक्या भिन्न वस्तूंसाठी, त्या वस्तू घडवणाऱ्या कंपन्यांनाही मागे टाकून, महिनोन्महिने तीच अव्वल कशी, हा प्रश्न ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने धसास लावला. शोध घेता असे आढळले की, कपड्यांशी सुतराम संबंध नसलेल्या हजारो पानांवर या दुकानाकडे नेणारे दुवे पेरलेले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने कारवाई केली. बैठकीच्या खोलीतील फर्निचर शोधणाऱ्यांना पहिल्या क्रमांकावर दिसणारे हे दुकान काही तासांत ६८व्या क्रमांकावर गेले.

२/
हे दुवे आपण पेरले नाहीत, असे कंपनीने सांगितले आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेशी करार संपवला. दुकानातील माल तोच होता, किमती त्याच होत्या, संकेतस्थळही तेच होते. बदलला होता तो केवळ यादीतील क्रम. एका यादीतील स्थानाला एवढी किंमत कशी आली? ते स्थान मिळवून देणारा ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ अर्थात ‘एसईओ’ नावाचा व्यवसाय कसा उभा राहिला? आणि ही क्रमवारी नेमकी कशाचा पुरावा आहे? या थ्रेडचा विषय हाच.

३/
प्रारंभी क्रमवारीचा प्रश्नच नव्हता. १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज याने ‘आर्ची’ हे साधन तयार केले; ते सार्वजनिक सर्व्हरांवरील फाइलींची केवळ नावे शोधत असे. पुढे वेब आले, पाने वाढली आणि १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग व डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी आवडत्या संकेतस्थळांची विषयवार यादी केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. ही यादी माणसे हाताने करत. प्रत्येक विषयाखाली नावे वर्णानुक्रमे लागत. म्हणून आपल्या नावाची सुरुवात ‘ए’ने किंवा एखाद्या आकड्याने करण्याची युक्ती लोकांना लगेच सुचली. ती नवीन नव्हती. टेलिफोनच्या पिवळ्या पानांत वर झळकण्यासाठी अमेरिकेतील दुकानदार आपल्या नावाला ‘एएए’ जोडत आलेच होते.

४/
हाताने केलेली यादी वेबच्या वाढीला पुरी पडणे अशक्य होते. १९९४ मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन याने ‘वेबक्रॉलर’ सुरू केले. त्यात पानाच्या केवळ शीर्षकाचा नव्हे, तर संपूर्ण मजकुराचा शोध घेता येई. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे ‘अल्टाव्हिस्टा’ आले आणि लक्षावधी पानांतून क्षणात उत्तर मिळू लागले. आता निकाल हजारोंनी येत. तेव्हा त्यांतला आधी कोणता दाखवायचा, हे यंत्राला ठरवावे लागले. त्या पिढीतील यंत्रांचा मुख्य भर शब्दांवर होता. शोधलेला शब्द पानावर किती वेळा येतो, शीर्षकात येतो की नाही, किती वर येतो, यावर क्रम ठरे.

५/
पण पानावर कोणते शब्द लिहायचे, हे पानाचा मालकच ठरवतो. उमेदवारानेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार होता. लवकरच पानांच्या तळाशी एकच शब्द शेकडो वेळा लिहिला जाऊ लागला. वाचकाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे वापरली जात. माणसाला दिसत नसत, यंत्र मात्र वाचत असे. पानाच्या आतल्या संकेतभाषेत ‘मेटा कीवर्ड’ नावाची एक जागा होती. आपल्या पानाचा विषय कोणता, हे मालकाने तिथे प्रामाणिकपणे नोंदवावे, ही अपेक्षा. तिथे लोकप्रिय तारकांची नावे आणि प्रतिस्पर्ध्यांची बोधचिन्हे भरली जाऊ लागली.

६/
हा वाद न्यायालयात गेला. १९९९ मध्ये ‘ब्रूकफील्ड’ खटल्यात अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने महामार्गावरील फलकाचा दृष्टान्त दिला. समजा, एका दुकानाने प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा फलक लावला आणि ते दुकान सातव्या फाट्यावर आहे असे लिहिले. प्रत्यक्षात ते आठव्या फाट्यावर आहे आणि सातव्यावर फलक लावणाऱ्याचेच दुकान आहे. वाहनचालक सातव्यावर वळतो, शोधतो, सापडत नाही, आणि समोर दिसणाऱ्या दुकानातच खरेदी करतो. त्याची फसवणूक क्षणभराचीच. तरीही दुसऱ्याच्या नावलौकिकाचा लाभ उठवला गेला, असे न्यायालयाने मानले. शोधयंत्रांनीही हळूहळू या जागेवर विसंबणे सोडले. आपण क्रमवारीसाठी मेटा कीवर्ड वापरत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीरच केले.

७/
शब्दांवरचा विश्वास उडाल्यावर उपाय सापडला तो ग्रंथालयात. १९५५ मध्ये युजीन गारफिल्ड याने वैज्ञानिक लेखांतील संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध होऊ लागला. कोणत्या निबंधाचा दाखला पुढे कोणी दिला, हे त्यात पाहता येई. एखाद्या निबंधाचे महत्त्व लेखकाच्या स्वतःच्या दाव्यावरून न ठरवता, इतर अभ्यासकांनी त्याला दिलेल्या दाखल्यांवरून ठरवण्याची सवय विद्याक्षेत्रात रुळली. साक्ष दुसऱ्याची असावी, हे त्यामागचे साधे तत्त्व.

८/
स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी हेच तत्त्व वेबला लावले. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे त्याचा दाखला देणे. मात्र सगळे दाखले सारखे धरले नाहीत. ज्या पानाला स्वतःलाच पुष्कळ महत्त्वाचे दाखले मिळाले आहेत, त्याने दिलेल्या दुव्याचे वजन अधिक. आणि एखाद्या पानाने शंभर दुवे दिले असतील, तर त्याचे वजन त्या शंभरांत विभागले जाणार. या पद्धतीला ‘पेजरँक’ म्हणतात. तिच्यावरील मूळ अहवालात या दोघांबरोबर राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांचीही नावे आहेत. पेटंटची मालकी मात्र स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे गेली.

९/
एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत ब्रिन आणि पेज यांनी आपल्या शोधयंत्राची रचना मांडली. त्यांच्या नमुना संग्रहात तेव्हा २ कोटी ४० लाख पाने होती. त्याच निबंधात एक मार्मिक निरीक्षण आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार अग्रगण्य व्यावसायिक शोधयंत्रांत त्यांचीच नावे टाकून पाहिली, तेव्हा पहिल्या दहा निकालांत स्वतःलाच शोधू शकणारे यंत्र एकच निघाले. शब्दमोजणीची मर्यादा दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

१०/
या निबंधाच्या परिशिष्टाकडे फारसे कोणी वळत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ते अवश्य वाचावे. तिथे हे दोघे लिहितात की, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकांच्या गरजेपासून दूर जाईल. मोबाइल फोनचे उदाहरण त्यांनी दिले आहे. त्यांच्या यंत्रात हा शब्द शोधला असता वाहन चालवताना फोन वापरण्याच्या धोक्यांवरील एक अभ्यास वर येई. फोनच्या जाहिरातींचे पैसे घेणाऱ्या यंत्राला हा निकाल वर दाखवणे अवघड गेले असते, असे ते म्हणतात. म्हणून विद्याक्षेत्राच्या कक्षेत राहणारे, पारदर्शक शोधयंत्र असावे, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघांनी कंपनी नोंदवली.

११/
१९९८ मध्येच कॅलिफोर्नियातील बिल ग्रॉस याने अगदी उलट मार्ग धरला. त्याच्या ‘गोटू डॉट कॉम’ने क्रमवारीचा उघड लिलाव मांडला. ज्याची बोली अधिक, तो वर. आणि पैसे द्यायचे ते वाचकाने दुव्यावर क्लिक केले तरच. प्रत्येक निकालाशेजारी बोलीची रक्कमही छापलेली असे. यावर पुष्कळांनी नाके मुरडली. ग्रॉसचा युक्तिवाद असा : प्रत्येक पाहुण्यामागे पैसे मोजावे लागले, तर असंबद्ध शब्द वापरून उगीच गर्दी गोळा करण्यात कोणालाच रस उरणार नाही. लबाडी थांबवण्याचे काम त्याने बाजारावर सोपवले होते.

१२/
ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ३५० जाहिरातदारांसह ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ सुरू केले आणि २००२ मध्ये त्यात प्रत्येक क्लिकसाठी बोली लावण्याची पद्धत आणली. मात्र केवळ बोलीवर स्थान न देता, वाचक त्या जाहिरातीवर किती प्रमाणात क्लिक करतात, हेही धरले. गोटूचे नाव एव्हाना ‘ओव्हर्चर’ झाले होते. तिने पेटंटभंगाचा दावा लावला. पुढे याहूने ओव्हर्चर विकत घेतली आणि २००४ मध्ये गूगलने याहूला २७ लाख समभाग देऊन वाद मिटवला. यातून आजचे शोधपान घडले : एका बाजूला विकत मिळणारी जागा, दुसऱ्या बाजूला ‘कमावलेली’ जागा. जी जागा कोणी विकत नाही, तीही कशी मिळवावी, याचे शास्त्र म्हणजे एसईओ.

१३/
या व्यवसायाची सुरुवात गूगलपूर्वीची. पत्रकार डॅनी सलिव्हन याने १९९६ मध्ये संकेतस्थळांच्या चालकांसाठी शोधयंत्रांची मार्गदर्शिका लिहिली आणि पुढच्याच वर्षी ‘सर्च इंजिन वॉच’ सुरू केले. ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ हा शब्दप्रयोगही १९९७ च्या सुमारास रूढ होऊ लागला. त्यातले पुष्कळसे काम सरळ होते आणि आहे : पानाला नेमके शीर्षक देणे, पाने एकमेकांना नीट जोडणे, यंत्राने कुठे शिरावे आणि कुठे शिरू नये हे सांगणारी फाइल ठेवणे, लोक ज्या शब्दांत प्रश्न विचारतात त्या शब्दांत उत्तर लिहिणे. ग्रंथालयातील तालिकाकाराचे काम याहून फार वेगळे नसते. पण याच दुकानात दुसरा मालही विकला जाई. अमेरिकी ‘वेस्टर्न’ चित्रपटांत सज्जन पांढरी टोपी घाली आणि खलनायक काळी. त्यावरून या धंद्याच्या दोन बाजूंना ‘व्हाइट हॅट’ आणि ‘ब्लॅक हॅट’ अशी नावे पडली.

१४/
दुव्याला वजन आहे हे कळताच दुव्यांचा बाजार भरला. एकमेकांना दुवे देणाऱ्या शेकडो बनावट संकेतस्थळांची जाळी विणली गेली. त्यांना ‘लिंक फार्म’ म्हणत. ओक्लाहोमातील ‘सर्चकिंग’ ही कंपनी वजनदार पानांवरील दुव्यांची जागा मिळवून देण्याचा व्यवसाय करी. २००२ मध्ये गूगलने तिचा पेजरँक घटवला आणि ती न्यायालयात गेली. २००३ मध्ये संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. पेजरँक हे मत आहे आणि मत व्यक्त करण्याच्या स्वातंत्र्याला अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असा निर्णय झाला.

१५/
हा निकाल नीट पाहण्यासारखा आहे. गणिती सूत्राने काढलेला आकडा सामान्य वाचकाला वस्तुनिष्ठ मोजमाप वाटतो. कंपनीच्या वकिलांनी न्यायालयात मात्र ते संपादकीय मत असल्याचे मांडले आणि न्यायालयाने ते मान्य केले. मग शोधपानावरील यादीकडे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासारखे पाहावे लागते. त्यात निवड आहे, आणि निवड करणारा कोणीतरी आहे.

१६/
या निवडीचा फटका कसा बसतो, हे नोव्हेंबर २००३ मध्ये दिसले. गूगलने सूत्रात मोठा बदल केला. या व्यवसायातील लोकांनी त्याला ‘फ्लोरिडा’ असे नाव दिले. नाताळच्या तोंडावर अनेक छोटी ऑनलाइन दुकाने निकालांतून एकाएकी नाहीशी झाली. काहींनी युक्त्या केल्या होत्या, तर काहींचे म्हणणे होते की आपण काहीच गैर केले नाही. माल भरून ठेवलेला, आणि दुकानाकडे येणारा रस्ताच दुसरीकडे वळलेला. दाद मागायला ना कचेरी होती, ना कारण सांगणारे पत्र. मोठ्यांनाही सूट होती असे नाही. यंत्रासाठी एक आणि माणसासाठी दुसरे पान दाखवल्याबद्दल फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही काळ वगळले. पण मोठी कंपनी हा खंड सोसू शकते, छोटा दुकानदार हंगाम गमावतो.

१७/
ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट याने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदवले होते. मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न हिने १९९७ मध्ये त्याला आज प्रचलित असलेले रूप दिले : एखादे मापच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. दुव्यांचे नेमके हेच झाले. कोणी मोजत नव्हते तोवर दुवा ही निरपेक्ष साक्ष होती. मोजणी सुरू झाली, मोजणीवर पोट चालू लागले, आणि साक्षीदार भाड्याने मिळू लागले.

१८/
पुढचा टप्पा मजकुराचा. लोक काय शोधतात, हे पाहून त्या प्रत्येक प्रश्नावर अल्प मोबदल्यात झटपट लेख लिहवून घेणारे कारखाने उभे राहिले. त्यांतील ‘डिमांड मीडिया’ जानेवारी २०११ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे बाजारमूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीहून अधिक भरले. पुढच्याच महिन्यात गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला. हे नाव त्या प्राण्याचे नसून नवनीत पांडा या अभियंत्याचे आडनाव आहे. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांवर आघात केला. त्यानंतरचे दृश्य विलक्षण होते. काल दुव्यांसाठी पैसे मोजणारे आज तेच दुवे काढून टाका म्हणून विनवू लागले. त्याच ऑक्टोबरमध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारण्यासाठी एक साधनच उपलब्ध करून दिले.

१९/
क्रम लावणारा स्वतःही व्यापारी असेल तर? १९९८ च्या परिशिष्टातील तोच प्रश्न पुढे सरकारांपुढे आला. आपल्याच खरेदीसेवेला निकालांत झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम केला. भारतात विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळाच्या कंपनीने आणि ‘कट्स’ या ग्राहक संस्थेने २०१२ मध्ये तक्रारी केल्या होत्या. त्यांवर फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने शोधाच्या बाजारपेठेत गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर यंत्राने रचलेले उत्तर दाखवण्यास प्रारंभ केला होता. दहा दुव्यांची यादीच आता त्या उत्तराखाली ढकलली जात आहे.

२०/
या सगळ्यात मराठी कुठे होती? क्रमवारीत खाली असणे पुढची गोष्ट; दीर्घकाळ ती यादीतच नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. पण वेबवरील आरंभीचा बराचसा मराठी मजकूर छपाईसाठी बनवलेल्या निरनिराळ्या फाँटांत होता. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत त्या जागी एखादे रोमन अक्षर वा चिन्ह साठवलेले असे. आणि प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. माणसाला मराठी दिसे, शोधयंत्राला रोमन अक्षरांची निरर्थक रांग. पांढऱ्यावर पांढरे लिहिणाऱ्यांची लिपी यंत्राला कळे, माणसाला दिसत नसे. मराठीचे दुर्दैव याच्या बरोबर उलट होते.

२१/
विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत अनुदिनीकारांनी, वृत्तपत्रांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी युनिकोडची वाट धरली, आणि मराठी शब्द टाकून मराठी पान सापडू लागले. तरीही जुन्या फाँटांतल्या फाइली, आणि चित्ररूपात स्कॅन केलेली पुस्तके व नियतकालिकांचे अंक शोधाच्या कक्षेबाहेरच राहिले. एखाद्या किल्ल्याविषयी शोध घ्यावा, तर सहलीची जाहिरात आणि एकमेकांवरून उतरवलेले तेच चार परिच्छेद आधी येतात. त्या किल्ल्याविषयीचा मूळ पत्रव्यवहार छापलेला जुना खंड त्याच जाळ्यावर कुठेतरी चित्ररूपात पडून असतो. खंडाला कोणी दुवा दिलेला नसतो, आणि यंत्राला तो वाचताही येत नाही.

२२/
वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पेजरँकच्या बरोबर शंभर वर्षे आधी. लोकप्रिय बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्र श्रेष्ठ मानावे, ही शिस्त त्या परंपरेने मराठी इतिहासलेखनाला लावली. कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, त्यात त्याचा लाभ कोणता, हे प्रश्न तिथे प्रत्येक दस्तऐवजाला विचारले जातात. शोधाचे पहिले पान हाही आजचा एक दस्तऐवज आहे. त्याच्या वरच्या ओळीतली जागा कोणी विकत घेतली आहे का, खालची जागा कोणत्या युक्तीने कमावली आहे, आणि कोणता मजकूर त्यावर येऊच शकला नाही, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. आणि जुन्या खंडातील एखादे पत्र युनिकोडमध्ये टंकून, नीट शीर्षक व संदर्भ देऊन जो कोणी वेबवर ठेवतो, तो तालिकाकाराचे ते जुने, सरळ कामच पुढे नेत असतो.